इंधनाची पिचकारी : मोटारीतील इंजेक्टरचे कार्य आणि निगा

सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर नळदुर्ग मागे पडले की येणेगूरच्या परिसरात दक्षिणेकडे वळणारा रस्ता मुरूमला जातो. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील हे गाव कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले आहे. भोवताली काळी जमीन, तूर, सोयाबीन आणि ऊस. गाळपाच्या हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, शाळांच्या गाड्या, नगरपरिषदेची घंटागाडी, रुग्णवाहिका आणि एस.टी.च्या बसगाड्या यांची ये-जा येथे वर्षभर चालू असते. जिल्ह्याचे ठिकाण दूर आहे. मोठ्या दवाखान्याची सोय सोलापूरला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. अशा गावात वाहन चालू असणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी रात्री वाटेत बंद पडली, तर त्याचा अर्थ काय होतो हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणाही अधिकाऱ्यास सांगावे लागणार नाही.

वाहन बंद पडण्याची कारणे अनेक असतात. तथापि अलीकडे एक कारण वारंवार ऐकू येते. ‘साहेब, इंजेक्टर गेला,’ असे चालक सांगतो, आणि काही दिवसांनी कार्यालयाच्या टेबलावर दुरुस्तीचे एक भले मोठे देयक येते. त्यावर सही करणाऱ्यास इंजेक्टर म्हणजे काय, तो कोठे असतो आणि तो खरोखरच ‘गेला’ होता काय, हे बहुधा ठाऊक नसते. वस्तुतः इंजेक्टर हा भाग आपल्या मूळ दोषाने क्वचितच बिघडतो. त्याला बिघडविणाऱ्या गोष्टी टाकीतून येतात. पाणी, धूळ, गंज आणि भेसळ या त्या चार गोष्टी होत. त्यांना टाकीबाहेर ठेवण्याचा खर्च एका फिल्टरच्या किमतीइतका असतो आणि त्यांना आत येऊ दिल्याचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी इंजेक्टरचे काम थोडे तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे.

कार्ब्युरेटर गेला, इंजेक्टर आला

पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते आणि ती ठरावीक प्रमाणात लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा पुरते. पेट्रोल अधिक झाले तर ते अर्धवट जळून काळा धूर होतो. कमी झाले तर इंजिन अडखळते आणि तापते. पूर्वी हे प्रमाण राखण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. इंजिनाने ओढलेली हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेग घेई, तेथील दाब कमी होई आणि त्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळे. ही युक्ती साधी आणि दुरुस्तीला सोपी होती. जेटमध्ये कचरा अडकला तर मिस्त्री तो काढून तोंडाने फुंकर मारीत असे आणि गाडी पुन्हा मार्गाला लागत असे. परंतु कार्ब्युरेटरला थंडी, उष्णता, घाट आणि सपाटी यांतील फरक नेमका कळत नसे. पहाटेच्या गारठ्यात चोक ओढावा लागे, तो त्याचमुळे.

धुरावरील निर्बंध जसजसे कडक झाले तसतसा हा अंदाजपंचे कारभार अपुरा पडू लागला. भारतात २००० सालापासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या प्रदूषण-मानकांमुळे मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा ही मानके देशभर लागू झाली आणि मोटारसायकली व स्कूटरींनाही इंजेक्टर आले. आज मुरुमच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या नव्या दुचाकीतही तीच यंत्रणा आहे, जी काही वर्षांपूर्वी केवळ मोटारीत असे. गॅरेजमध्ये ‘एफ.आय.ची गाडी’ म्हणून जिचा उल्लेख होतो, ती हीच.

पावथेंबाचा हिशेब

पेट्रोल इंजेक्टर हा बोटाएवढ्या लांबीचा एक भाग असतो. तो इंजिनात हवा जाण्याच्या मार्गावर, झडपेच्या तोंडाशी बसविलेला असतो. त्याच्या आत तारेचे वेटोळे, एक स्प्रिंग आणि टोकाशी एक सुई किंवा गोळी असते. टाकीतील विजेचा पंप पेट्रोलला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीन किलोग्रॅम दाबाने इंजेक्टरपर्यंत आणून उभे करतो. मोटारीच्या चाकात भरलेल्या हवेच्या दाबाहून हा थोडासाच जास्त आहे. स्प्रिंगच्या जोराने सुई छिद्र बंद ठेवते. वेटोळ्यातून वीज वाहिली की त्याचे लोहचुंबक होते, सुई वर खेचली जाते आणि टोकावरील सूक्ष्म छिद्रांतून पेट्रोलची फवार बाहेर पडते. वीज थांबताच स्प्रिंग सुईला परत बसविते. सुई उचलली जाते ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. होळीतील पिचकारी आणि घरातील नळाची चकती यांचा संयोग कल्पिला तर इंजेक्टरचे चित्र डोळ्यांपुढे येते.

दाब जवळजवळ स्थिर असल्यामुळे किती पेट्रोल जावे हे केवळ एका गोष्टीवर ठरते : सुई किती वेळ उघडी राहिली. इंजिन संथ चालत असता हा वेळ सेकंदाच्या दोन ते चार हजारांश इतका असतो; चढावर भरल्या गाडीने तो कित्येक पट वाढतो. हा वेळ ठरविण्याचे काम गाडीतील छोटा संगणक करतो. आत किती हवा आली, इंजिन किती तापले, फेरे किती आहेत, चालकाने पाय किती दाबला, ही माहिती त्याला निरनिराळ्या संवेदकांकडून मिळते. धुराच्या नळीतील एक संवेदक उरलेला प्राणवायू मोजून ‘पेट्रोल जास्त झाले’ किंवा ‘कमी पडले’ अशी वार्ता सतत देत असतो आणि संगणक पुढील मात्रा त्याप्रमाणे दुरुस्त करतो.

विद्यार्थ्यांना रुचेल असे एक गणित येथे करून पाहता येते. चार सिलिंडरची एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि लिटरला २० किलोमीटर देते असे धरू. म्हणजे ती तासाला ३ लिटर पेट्रोल घेते. इंजिनाचे फेरे मिनिटास २,००० असतील तर प्रत्येक इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटास १,००० वेळा फवारतो. चार इंजेक्टर मिनिटास ४,००० आणि तासाला २,४०,००० वेळा फवारतात. ३,००० मिलिलिटर पेट्रोलला या संख्येने भागले तर एका फवाऱ्यास मिलिलिटरचा सुमारे ऐंशीवा भाग येतो. पाण्याचा साधारण थेंब मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तर एका फवाऱ्यात अवघा पाव थेंब जातो. एवढीशी मात्रा तासाला अडीच लाख वेळा चुकू न देता मोजणाऱ्या यंत्रात धुळीचा कण शिरला, म्हणजे काय होईल याची कल्पना यावरून यावी.

विहिरीवरच्या नोझलपासून

डिझेलची गोष्ट वेगळी आहे, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यास ती पेट्रोलच्या गोष्टीहून जुनी व परिचित आहे. विहिरीवर विजेचे पंप येण्यापूर्वी ऑइल इंजिनांचा जमाना होता. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीच्या इंजिनांनी महाराष्ट्रातील असंख्य मळे भिजविले. या इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो, त्याऐवजी ‘नोझल’ असते, हे शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही माहीत होते. ‘इंजिनाने एअर धरली’ म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, आणि ती ‘काढावी’ लागते, हेही त्याला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आपले यशस्वी इंजिन चालवून दाखविले. त्याचे तत्त्व असे, की सिलिंडरमध्ये नुसती हवा घेऊन ती इतकी दाबायची की ती आपोआप पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापावी, आणि मग त्या तप्त हवेत इंधन फवारायचे. इंधन पेटविण्यास वेगळी ठिणगी लागत नाही. परंतु दाबलेल्या हवेत इंधन घुसवायचे तर त्याचा दाब हवेपेक्षा पुष्कळ अधिक हवा. डिझेलला स्वतःला यासाठी वेगळा हवेचा कॉम्प्रेसर जोडावा लागला. तो इतका अवजड होता की असे इंजिन मोटारीत बसणे शक्य नव्हते. ही अडचण रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली मोठ्या प्रमाणावर बनविलेल्या इंधन-पंपाने दूर झाली आणि डिझेलचे इंजिन रस्त्यावर आले. भारतात १९५१ साली याच तंत्राची मायको ही कंपनी बंगलोर येथे उभी राहिली. पुढे तिचा कारखाना नाशिकला झाला आणि नोझल व इंजेक्टर महाराष्ट्रातच बनू लागले. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी जुने फिटर अद्याप ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात.

जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजेक्टरला विजेची तार नसते. पंपाने ढकललेल्या डिझेलचा दाब ठरावीक मर्यादेवर, सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला १५० ते २५० किलोग्रॅमवर गेला की तो दाबच स्प्रिंगविरुद्ध सुई उचलतो, फवारा उडतो आणि दाब उतरताच सुई बसते. चाचणीच्या हातपंपावर चांगले नोझल बसविले तर फवारताना ते कर्रकर्र असा विशिष्ट आवाज करते आणि फवारा धुक्यासारखा निघतो. खराब नोझल आवाज करीत नाही; त्यातून पिचकारीसारखी धार निघते किंवा टोकाला थेंब लोंबतो. अनुभवी कारागीर केवळ कानाने नोझलची पारख करतो, ती याच आवाजावरून.

नव्या डिझेल गाड्यांत, म्हणजे बोलेरोसारख्या जीपगाड्यांपासून रुग्णवाहिकांपर्यंत, ‘कॉमन रेल’ पद्धत आली आहे. तीत पंप सर्व डिझेल एका जाड नळीत दाबून ठेवतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला १,६०० ते २,००० किलोग्रॅमपर्यंत जातो. इंजेक्टरची सुई विजेच्या आज्ञेने उघडते आणि एकाच फेऱ्यात अनेकदा उघडते : आधी चिमूटभर इंधन, मग मुख्य मात्रा, जरूर तर नंतर आणखी थोडे. आधीच्या चिमटीमुळे ज्वलन हळुवार सुरू होते. नव्या डिझेल गाडीचा जुन्या जीपसारखा कडकड आवाज येत नाही, तो यामुळेच.

या इंजेक्टरमधील सुई आणि तिचे घर यांत अंतर किती असावे? मिलिमीटरचे दोन ते चार हजारांश. माणसाचा केस साधारण सत्तर हजारांश जाड असतो. या फटीत वंगण म्हणून दुसरे काही नसते. डिझेल हेच तिचे वंगण. केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा वाळूचा कण येथे शिरला तर दोन हजार किलोग्रॅम दाबाखाली तो कानशीसारखा काम करतो.

चार शत्रू

त्यांत पहिला क्रमांक पाण्याचा लावावा लागेल. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी केली की गारठ्यात टाकीतील हवेतली वाफ आतल्या पत्र्यावर थिजते आणि पाणी तळाशी जमते. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने ते तळाशीच राहते आणि पंप नेमका तळातून ओढतो. पाण्यात वंगणाचा गुण नाही. सुई गंजते, घासते, अडकते. यावरचा उपाय फुकटचा आहे : संध्याकाळी गाडी उभी करण्यापूर्वी टाकी भरावी, सकाळी नव्हे. डिझेलच्या फिल्टरखाली पाणी साठण्याची वाटी असते. तिचा स्क्रू नियमाने सैल करून पाणी सोडून द्यावे. पाण्याचा दिवा लागल्यावर ‘गावी जाऊन बघू’ असे म्हणणे महागात पडते.

पेट्रोलच्या बाबतीत पाण्याला आता एक नवा जोडीदार मिळाला आहे. उसाच्या मळीपासून व रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात आंवला येथे सुरू झाले. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले. २०२५ साली देशातील मिश्रणाचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. ऊस पिकविणाऱ्या भागाला त्याचा आर्थिक लाभ आहे, यात शंका नाही. पण इथेनॉल पाण्याला ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. मग इंजेक्टरला पेट्रोलऐवजी हे मिश्रण मिळते आणि गाडी चालू होत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. तेव्हा गाडीचे सरासरी अंतर थोडे घटले म्हणजे इंजेक्टर बिघडला असे मानण्याचे कारण नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व ओ-रिंगा मात्र वरचेवर तपासाव्यात. वीस टक्के मिश्रणाचा विचार करून त्या बनविलेल्या नव्हत्या. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

धूळ आणि गंज हे मुख्यतः साठवणुकीचे पाप आहे. पंपापासून दूरच्या गावी, ऊसतोडीच्या फडावर किंवा टँकरच्या ठिकाणी डिझेल पिंपात वा प्लास्टिकच्या कॅनमध्ये नेले जाते. ज्या नरसाळ्याने ते टाकीत ओततात, ते आदल्या दिवसापासून उघड्यावर पडलेले असते. टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ न पुसता झाकण उघडले जाते. पिंपात डिझेल ठेवणे अपरिहार्य असेल तर ते पिंप सावलीत, किंचित तिरपे ठेवावे. भरल्यानंतर एक दिवस स्थिर राहू द्यावे. तळाचे चार बोटे डिझेल गाडीत घालू नये. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे डिझेलसाठी वापरू नये, कारण डिझेल जस्ताशी संयोग पावून फिल्टर व नोझल चोंदविणारे क्षार तयार होतात. ही शेवटची गोष्ट पुष्कळ जाणत्या माणसांनाही ठाऊक नसते.

भेसळीविषयी थोडे अधिक गांभीर्याने लिहिणे भाग आहे. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि कमी वंगणाचे असते; कॉमन रेलच्या पंपाला ते विषच आहे. जुन्या ऑइल इंजिनाने रॉकेल पचविले म्हणून नवी जीप पचवील, हा समज घातक आहे. या धंद्याने महाराष्ट्रात माणसाचा बळी घेतलेला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळीचा प्रकार रोखण्यास गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पेट्रोलपंपावर ग्राहकाला तपासणीचा हक्क आहे. गाळणकागद मागून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल उडून जाते आणि डाग राहत नाही. पंपावर त्या दिवशीच्या इंधनाची घनता नोंदलेली असते; ती मोजून दाखविण्याची मागणी करता येते. शासकीय वाहनाच्या चालकाने शंका आल्यास हे करून पाहावे आणि तसे नोंदवहीत लिहावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

चुकीचे इंधन भरण्याचे प्रकारही घडतात. डिझेल गाडीत पेट्रोल पडले किंवा काही नव्या गाड्यांत वेगळ्या टाकीत घालावयाचे युरियाचे द्रावण डिझेलच्या टाकीत गेले, तर एकच नियम लक्षात ठेवावा : किल्ली फिरवू नये. इंजिन चालू केले नाही तर केवळ टाकी रिकामी करून धुवावी लागते. चालू केले तर पंप, नळ्या व सर्व इंजेक्टर यांवर पाणी सोडावे लागते.

लक्षणे आणि फसवी लक्षणे

पेट्रोल गाडीचे इंजिन उभे असता थरथरते, मधूनच ‘मिसिंग’ मारते, सकाळी चालू होण्यास वेळ घेते, धुरास कच्च्या पेट्रोलचा वास येतो. ही लक्षणे इंजेक्टर चोंदल्याची किंवा गळत असल्याची असू शकतात. पण तीच लक्षणे खराब प्लग, भरलेला हवेचा फिल्टर, अशक्त बॅटरी किंवा थकलेला पेट्रोल-पंप यांचीही असतात. शेतवस्तीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर उंदराने कुरतडलेली तार हेच कारण निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. म्हणून स्वस्त तपासणी आधी आणि महाग तपासणी नंतर, हा क्रम पाळावा. चालू इंजिनात लांब पेचकसाचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली तर स्पष्ट टिकटिक ऐकू येते. चारांपैकी एक मुका असेल तर आधी त्याची तार व जोड पाहावा. ही युक्ती पेट्रोल गाडीपुरतीच. बंद इंजिनात इंजेक्टरच्या वेटोळ्याचा रोध मीटरने मोजता येतो; बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहम भरतो. इंजिन-तेलाची पातळी आपोआप वाढली आणि तेलास पेट्रोलचा वास आला, तर मात्र इंजेक्टर गळतो आहे असे समजून गाडी ताबडतोब थांबवावी. पातळ झालेले तेल इंजिनाच्या बेअरिंगा खाते.

डिझेल गाडीत धुराचा रंग बरेच सांगतो. भार नसताना काळा धूर म्हणजे जादा किंवा जाड फवारा. इंजिन गार असताना बराच वेळ पांढरा व झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. निळा धूर तेलाचा असतो, त्याचा दोष इंजेक्टरवर घालू नये. टोकाशी थेंब सोडणारे नोझल पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकते आणि भारत स्टेज सहाच्या गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी जाळी अकाली भरवते. कॉमन रेल गाडीत एक सोपी व निर्णायक चाचणी आहे. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडे डिझेल परत टाकीकडे जाते. त्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत ठरावीक वेळ डिझेल जमा केले जाते. ज्या बाटलीत इतरांच्या मानाने फारच जास्त भरले, तो इंजेक्टर आतून झिजलेला. या चाचणीवाचून चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

जुनी सवय, नवा धोका

जुन्या डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर काम करीत नाही हे शोधण्यासाठी फिटर चालू इंजिनात एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून पाहत असे. ज्याचा नट सोडल्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो दोषी. पिढ्यान्‌पिढ्या हाताला बसलेली ही सवय कॉमन रेल गाडीत प्राणघातक ठरू शकते. दोन हजार किलोग्रॅम दाबाने फटीतून निघणारी डिझेलची धार डोळ्यांना दिसतही नाही आणि ती कातडी भेदून थेट मांसात शिरते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते. दुखतही फारसे नाही. काही तासांत बोट सुजते, आतील मांस मरू लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. ‘थोडे डिझेल लागले’ म्हणून हळद लावून घरी जाणे हा यातील सर्वांत मोठा धोका आहे. अशा माणसास विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालील डिझेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण जखम पाहून ते लक्षात येत नाही. इंजिन बंद केल्यावरही नळीतील दाब उतरण्यास काही मिनिटे द्यावीत. गळती हाताने चाचपू नये; पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी व ग्रामीण गॅरेजमालकांनी हा एक मुद्दा तरी आपल्या मुलांच्या मनावर बिंबविला पाहिजे.

सफाई, फिल्टर आणि देयक

इंजेक्टर ठरावीक किलोमीटरनंतर साफ केलेच पाहिजेत, असा नियम नाही. लक्षण नसताना सफाई करून घेणे हा अनाठायी खर्च होय. टाकीत ओतावयाच्या औषधाच्या बाटल्या हलक्या साक्यावर थोडाफार परिणाम करतात. अडकलेल्या किंवा झिजलेल्या सुईवर त्यांचा काही उपयोग होत नाही. पेट्रोल इंजेक्टरची खरी सफाई म्हणजे तो काढून ध्वनिलहरींच्या कुंडीत धुणे आणि नंतर काचेच्या नळ्यांच्या यंत्रावर चारही इंजेक्टरांची मात्रा व फवारा शेजारी शेजारी पाहणे. सफाईपूर्वीची आणि नंतरची पातळी ग्राहकाने स्वतः उभे राहून पाहावी. परत बसविताना रबरी रिंगा नव्या हव्यात. डिझेल इंजेक्टरच्या बुडाशी असलेला तांब्याचा वायसर प्रत्येक वेळी नवा घालावा. तो वाचविण्यात चार पैशांची बचत होते आणि सिलिंडरमधील ज्वाला बाजूने फुंकू लागते. कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. अनेक गाड्यांत नवा इंजेक्टर बसविल्यानंतर तो क्रमांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो. तसे न केल्यास नवा इंजेक्टरही जुन्यासारखाच अडखळतो, आणि मग चालक, गॅरेज व कार्यालय यांच्यात वादाला तोंड फुटते.

यावरून देयक तपासणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्याने काय पाहावे हे सहज ध्यानात येईल. इंजेक्टर बदलला असेल तर परतीच्या डिझेलच्या चाचणीची किंवा यंत्रावरील मात्रेची नोंद सोबत असावी. नव्या इंजेक्टरचा क्रमांक लिहिलेला असावा. काढलेला जुना इंजेक्टर परत मिळावा. त्याच देयकात फिल्टर बदलल्याचा आणि टाकी स्वच्छ केल्याचा उल्लेख नसेल, तर रोग तसाच ठेवून रोग्याचे कपडे बदलले असे समजावे. तीच घाण नव्या इंजेक्टरलाही खाणार.

फिल्टर बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मुरूम परिसरातील धुळीचे रस्ते आणि कॅनमधून भरले जाणारे डिझेल पाहता ते अंतर पूर्ण होण्याची वाट न पाहणे हितावह. नवा फिल्टर बसविताना तो उघड्या कॅनमधील डिझेलने भरून बसवू नये, कारण ते डिझेल फिल्टरच्या गाळलेल्या बाजूसही जाते; रिकामा बसवून हातपंपाने किंवा गाडीच्या पंपाने भरावा व एअर काढावी. काढलेला जुना फिल्टर लगेच फेकून न देता त्यातील डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर किंवा तांबूस गाळ दिसला, तर गाडी कोठे कोठे आणि कोणत्या पिंपातून डिझेल घेत होती याची चौकशी त्याच दिवशी सुरू करावी, आणि बरणीत काय आढळले ते तारखेसह वाहनाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.